इन्व्हर्टर आणि ट्रॅक्टरची बॅटरी लवकर का बसते? चार्जिंग आणि इक्वलायझिंग करताना घ्यायची काळजी

ऊस गळीत हंगाम संपला की कुंडल परिसरात वाहतुकीचे ट्रॅक्टर दारात उभे राहतात, ते बऱ्याचदा पुढचा हंगाम येईपर्यंत. मग कारखाना सुरू व्हायच्या वेळी चावी फिरवली तर स्टार्टर नुसता 'टक' करतो. घरातही तेच. वळवाच्या पावसात लाईट जाते आणि तीन तास चालणारा इन्व्हर्टर वीस मिनिटांत मान टाकतो. दोन्ही वेळा आपण एकच म्हणतो, "बॅटरी गेली, नवी घ्या." आणि हजारो रुपये खर्च होतात.

खरं तर अशा बऱ्याच बॅटऱ्या वयानं मरत नाहीत. अर्धवट चार्जिंग आणि कमी पाणी त्यांना मारतं. त्यातल्या काही वाचवता येतात. पण वाचवताना घाई केली तर बॅटरी फुटून माणूस जखमी होऊ शकतो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

आत काय घडतं?

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २ व्होल्टचा. प्रत्येक सेलमध्ये शिशाच्या प्लेट आणि पाणी मिसळलेलं सल्फ्युरिक ॲसिड. बॅटरी वापरली की प्लेटवर लेड सल्फेटचा थर बसतो, चार्ज केली की तो विरघळतो. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर हा थर कडक होतो. मग साध्या चार्जिंगनं तो निघत नाही. उभ्या ट्रॅक्टरचं दुखणं हेच. बॅटरी न वापरताही आपोआप उतरत असते आणि उन्हाळ्यात जास्तच वेगानं.

दुसरी अडचण, जड ॲसिड तळाशी बसतं आणि वर पाणचट राहतं. हळूहळू सहा सेल सारखे राहत नाहीत. पूर्वी जड लोखंडी नांगराला तीन-तीन बैलजोड्या जुंपायचे. त्यात एक बैल अशक्त निघाला की सगळं औत त्याच्या चालीनं चालायचं. बॅटरीचंही तसंच, एक सेल कमजोर झाला की सहाही सेल मागे पडतात.

इक्वलायझिंग म्हणजे काय?

मागे पडलेल्या सेलना बाकीच्यांच्या बरोबरीला आणण्यासाठी मुद्दाम, थोडा वेळ, कमी करंटनं दिलेलं जादा चार्जिंग म्हणजे इक्वलायझिंग. नेहमीच्या चार्जिंगला १२ व्होल्टची बॅटरी साधारण १४.४ व्होल्टपर्यंत नेतात आणि नंतर १३.५ ते १३.८ वर धरून ठेवतात. इक्वलायझिंगमध्ये ती १५ ते १५.५ व्होल्टपर्यंत जाते. आतून बुडबुडे येतात, ॲसिड ढवळलं जातं आणि प्लेटवरचा थर सुटायला मदत होते. दुकानात याला 'बॅटरी उकळणे' म्हणतात.

हे फक्त बूच काढून पाणी घालता येतं अशाच बॅटरीला करायचं. सीलबंद एसएमएफ, जेल किंवा लिथियम बॅटरीला कधीच नाही.

गरज आहे का, हे हायड्रोमीटर सांगतो. बॅटरी पूर्ण चार्ज करून सहाही सेलची ग्रॅव्हिटी मोजावी. समजा पाच सेल १२४५ ते १२५० दाखवतात आणि एक १२१०. फरक ३० पॉइंटच्या वर गेला, म्हणजे इक्वलायझिंगची वेळ आली. फरक नसेल तर उगाच करू नये, त्यानं प्लेट झिजतात.

खरा धोका गॅसचा

बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर दिलेली वीज पाणी फोडते आणि हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतो. हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला की एक ठिणगी पुरते.

हिशेब करून पाहू. ५ अँपिअरनं चार तास इक्वलायझिंग केलं तर सहा सेलमधून मिळून साधारण ५० लिटर हायड्रोजन निघतो. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच कपाटात सुमारे ९०० लिटर हवा मावते. तिचे ४ टक्के म्हणजे ३६ लिटर. म्हणजे बंद कपाटात चार तासांच्या आतच स्फोटाची हद्द ओलांडली जाते!

आपल्याकडे घरात जिन्याखाली, मशिदीत वजूखान्याशेजारच्या खोलीत किंवा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात इन्व्हर्टर ठेवलेला असतो. जागा असेल तिथे आपण ठेवतो. पण हायड्रोजन हलका असतो, वर चढतो आणि छताशी साठतो. म्हणून बॅटरीच्या खोलीला वरच्या बाजूला झरोका हवाच. बॅटरीजवळ गॅसची शेगडी, अगरबत्ती, बिडी काहीही नको.

करायचं कसं?

१. आधी इन्व्हर्टरचं पुस्तक पाहा. बॅटरीचा प्रकार 'ट्युब्युलर'वर लावला आहे ना, हे तपासा. काही इन्व्हर्टर आणि सोलर कंट्रोलर स्वतःच इक्वलायझिंग करतात. तशी सोय नसेल तर चार्जरशी खटपट न करता बॅटरी जाणकार दुकानदाराकडे न्या.

२. वेगळ्या चार्जरनं करत असाल तर ट्रॅक्टरच्या किंवा इन्व्हर्टरच्या वायर आधी सोडवा. १५.५ व्होल्टनं आतलं सर्किट जळू शकतं. सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी.

३. प्लेट पाण्यात बुडालेल्या असाव्यात, पण सेल काठोकाठ भरू नये. बुचाची हवेची छिद्रं साफ करा.

४. आधी नेहमीचं चार्जिंग पूर्ण करा. १५० एएच बॅटरीला त्यासाठी १५ अँपिअर पुरे. इक्वलायझिंगला मात्र ५ ते ७ अँपिअरच.

५. दर तासाला ग्रॅव्हिटी मोजा. लागोपाठ तीन वेळा आकडा तोच आला तर काम झालं. बॅटरी हाताला चटका देण्याइतकी तापली तर लगेच बंद करा. एखाद्या सेलचा आकडा वर येतच नसेल तर तो सेल मेला आहे, जबरदस्ती नको.

६. चिमटे काढण्यापूर्वी चार्जर बंद करा. ठिणगी नेमकी तिथेच पडते.

७. शेवटी डिस्टिल्ड वॉटरनं पातळी भरा. बोअरचं किंवा आरओचं पाणी चालत नाही, त्यातले क्षार प्लेट खराब करतात. ॲसिड तर घालूच नका. गॅस होऊन उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

अंगावर उडालं तर

घरात पाणी घालायचं काम बऱ्याचदा बायकाच करतात. त्यांनी आणि सगळ्यांनीच बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवावं. धातू दोन टर्मिनलना एकदम टेकला तर क्षणात लालबुंद होतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेत. ॲसिड डोळ्यात गेलं तर वाहत्या स्वच्छ पाण्यानं किमान १५ मिनिटं धुवा आणि थेट दवाखान्यात जा. फरशीवर सांडलं तर खाण्याचा सोडा टाका. मुलांना तिथे फिरकू देऊ नका.

जुनी बॅटरी घरी फोडून शिसं काढू नका. शिशाचा धूर आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती योग्य मार्गानंच परत गेली पाहिजे. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे द्या, त्याचे पैसेही वजा होतात.

ट्रॅक्टर उभा करणाऱ्यांसाठी एवढंच, हंगाम संपताच बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह वायर सोडून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा. घरच्या बॅटरीचं पाणी दर महिन्याला पाहा. एवढं केलं तर इक्वलायझिंगची वेळ क्वचितच येईल.