परसात जोडलेला सांगाडा

ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यात डर्बीपासून पूर्वेकडे जाणारा गिब रिव्हर रोड सुमारे 660 किलोमीटरचा आहे. 1960 च्या दशकात तो गुरांच्या वाहतुकीसाठी झाला. आता कोरड्या हंगामात तिथे सुटीवर निघालेल्यांच्या फोर-बाय-फोर दिसतात आणि त्यांच्यामागे तंबू, पाण्याची टाकी, चूल वाहणारे कॅम्पर ट्रेलर. त्यांतले काही घरामागच्या शेडमध्ये मालकाने स्वतः वेल्डिंग करून उभे केलेले असतात.

या कच्च्या रस्त्यावर चाकांच्या उड्यांनी आडव्या पन्हळी पडतात आणि गाडी तासन्‌तास थरथरत राहते. हौशी कारागीर ओझ्याची चिंता करतो, पण सांगाडा सहसा मोडतो तो या थरथरीने. एका मोठ्या दणक्याला दाद न देणारे लोखंड लाखो बारीक हिसक्यांनी चिरते.

चीर कुठे पडणार हेही बहुतेक ठरलेले. पुढची दांडी सांगाड्याच्या पहिल्या आडव्या पाइपाला मिळते तिथे. दांडी बहुधा 100 बाय 50 मिलिमीटरच्या चौकोनी पाइपांची, इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची असते. ती त्या सांध्यावर संपवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. जाणता माणूस तेच पाइप मागे, स्प्रिंगच्या पाट्यांच्या पुढच्या ब्रॅकेटपर्यंत नेतो. म्हणजे वाक सगळ्या लांबीवर वाटला जातो. दुसरी गोष्ट वेल्डिंगची. दांडी वाकते तेव्हा सर्वाधिक ताण तिच्या वरच्या आणि खालच्या बाजूला येतो. तिथे आडवे वेल्डिंग मारले की चिरेला सुरुवात करून दिल्यासारखेच. वेल्डिंग शक्यतो कडेने, लांबीच्या दिशेने मारावे. जोडपट्टी लावायचीच तर तिची टोके निमुळती कापावीत. कुठे वेल्डिंग मारायचे नाही, हे ज्याला कळले त्याला अर्धे काम आले, असे माझे मत.

उरलेले अर्धे म्हणजे हात आखडता घेणे. भीतीपोटी जाड पाइप, शिवाय कोपऱ्याकोपऱ्यात त्रिकोणी पत्रे, असे करता करता ट्रेलर रिकामाच जड होतो. ऑस्ट्रेलियातल्या नियमाने एका आसाच्या ट्रेलरच्या चाकांवर 750 किलोपर्यंतच भार असेल तर ब्रेक लागत नाहीत. पुढे 2,000 किलोपर्यंत किमान एका आसाच्या दोन्ही चाकांना लागतात, आणि त्याहून जास्त असेल तर सगळ्याच चाकांना. शंभर लिटर पाणी भरले की शंभर किलो तिथेच गेले. लोखंडाने खाल्लेला प्रत्येक किलो सामानातून वजा होतो.

तोल बैलगाडीसारखाच साधायचा: उलाळ नको, फार धुरजडही नको. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार हुकावर यावा, म्हणून आस मध्यापासून किंचित मागे बसवतात. मागे भार जास्त झाला तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही घेऊन जातो. चाके ओढणाऱ्या गाडीच्याच मापाची घेतली की एकच स्टेपनी दोन्हींना चालते. हा शहाणपणा स्वस्तातला. खडकाळ उतारावर साधा 50 मिलिमीटरचा बॉल हुक पुरेसा पिळत नाही, तेव्हा सगळीकडे फिरणारा कपलर घेतात.

सगळे जोडून झाले, गुण्या लावला, दोन्ही कर्ण मोजून सारखे आले, की सांगाडा गॅल्व्हनायझिंगला जातो. त्याआधी प्रत्येक बंद पाइपाला भोके पाडलीच पाहिजेत. वितळलेले जस्त सुमारे 450 अंश सेल्सिअसला असते. आत कोंडलेल्या ओलाव्याची वाफ झाली तर पाइप फुटतो आणि भट्टीवरच्या माणसांच्या जिवावर बेतते.

हौसेने ट्रेलर घरी जरूर जोडावा. मात्र वेल्डिंगचा हात बसलेला नसेल तर दांडीचे आणि पाट्यांच्या ब्रॅकेटचे सांधे तरी पात्र वेल्डरकडूनच करून घ्यावेत. तो ट्रेलर सुटला तर मागून येणाऱ्याच्या अंगावर जातो.