संगणक दूरचा, डोळे आणि मनगट आपले

केनवडला घरात बसायचे आणि पुण्या-मुंबईच्या कार्यालयातील संगणक इंटरनेटवरून चालवायचा, हे आता नवल राहिलेले नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर ही पद्धत सगळीकडे पसरली. बिले भरणे, हिशेब लिहिणे, अर्जांची नोंद करणे अशी कामे यातून होतात. शिकलेल्या मुलामुलींना गाव सोडावे लागत नाही, खोलीभाडे वाचते, घरच्या म्हाताऱ्या माणसांकडेही लक्ष राहते.

पण महिना-दोन महिने झाले की तक्रारी सुरू होतात. डोळे चुरचुरतात, मान आखडते, बोटांना मुंग्या येतात. मग घरचे म्हणतात, "सोड ते काम, डोळे जातील." अनेकदा मुलीचे काम आधी सुटते. आमचे सांगणे एवढेच आहे की काम सोडण्याआधी आणि नवा चष्मा घेण्याआधी संगणकाची मांडणी तपासा. पुष्कळ त्रास तिथूनच येतो आणि तो दूर करायला पैसा लागत नाही.

संगणक दोन, सेटिंग कोणत्या?

दूरवरून काम करताना आपल्यासमोर एक पडदा दिसतो, पण संगणक दोन असतात. एक आपल्या घरातला आणि दुसरा कार्यालयातला. काही सेटिंग इथे बदलाव्या लागतात, काही तिथे. हे माहीत नसले की माणूस बदल करतो, फरक पडत नाही आणि तो तसाच डोळे ताणून काम करत राहतो.

अक्षरे मोठी करा

मोठ्या पडद्यासाठी लावलेले कार्यालयाचे चित्र आपल्या लहान लॅपटॉपवर आले की अक्षरे बारीक होतात. ती वाचायला आपण पुढे वाकतो आणि मान तिथेच दुखू लागते.

विंडोजमधील रिमोट डेस्कटॉप कनेक्शन वापरत असाल, तर जोडणी चालू असताना अक्षरांचा आकार बदलायला गेल्यास तो बदलता येत नाही, असा संदेश येतो. म्हणून आधी जोडणी पूर्ण बंद करा. आपल्या संगणकाच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले उघडा आणि स्केल १२५ किंवा १५० टक्के करा. त्यानंतर पुन्हा जोडा. तरीही अक्षरे बारीक राहिली, तर जोडण्याच्या खिडकीत 'शो ऑप्शन्स' दाबून डिस्प्लेच्या पानावर पडद्याचा आकार थोडा कमी ठेवून पाहा.

एनीडेस्क किंवा क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्ये मात्र तिथला पडदा जसाच्या तसा दिसतो. तिथे अक्षरांचा आकार कार्यालयाच्या संगणकावरच वाढवावा लागतो.

नेट हळू असेल, तर रिमोट डेस्कटॉपच्या 'एक्सपिरियन्स' पानावर मागचे चित्र आणि हलणारे देखावे बंद करा. पण 'फाँट स्मूदिंग' चालू राहू द्या. ते बंद केले की अक्षरांच्या कडा खडबडीत दिसतात आणि डोळ्यांना जास्त कष्ट पडतात.

पडद्याचा उजेड खोलीच्या उजेडाइतकाच ठेवा. अंधारात पडदा भगभगीत नको. खिडकी पाठीमागे किंवा समोर नसावी, बाजूला असावी. पंख्याचा वारा थेट डोळ्यांवर घेऊ नका.

माऊस घट्ट धरू नका

दूरच्या संगणकावर बाण थोडा उशिरा हलतो. तो अडकला असे वाटून आपण माऊस आवळतो आणि दहा वेळा दाबतो. त्यामुळे मनगट दुखते. एकदा दाबा आणि थांबा.

बाणाचा वेग आपल्या संगणकावर ठरवा. हात फार फिरवावा लागत असेल तर वेग वाढवा, बाण निसटत असेल तर कमी करा. बाण बारीक दिसत असेल, तर त्याचा आकार तिथल्या संगणकाच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये वाढवा. दोनदा दाबण्याचा वेगही तिथेच ठरतो. ज्यांची बोटे सावकाश चालतात त्यांनी तो कमी करावा.

कीबोर्डचा भार वाटून घ्या

प्रत्येक कामासाठी माऊसकडे हात नेला की खांदा भरून येतो. रिमोट डेस्कटॉपच्या 'लोकल रिसोर्सेस' पानावर विंडोजच्या बटनजोड्या दूरच्या संगणकावर लागू कराव्यात, असा पर्याय आहे. तो निवडला की खिडक्या बदलण्यासारखी कामे बटनांवरूनच होतात. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही जोडी मात्र आपल्याच संगणकावर चालते. तिथे तेच काम करायला कंट्रोल, ऑल्ट आणि एंड दाबावे.

मराठी टंकलेखनासाठी दोन्ही संगणकांवर एकच मांडणी ठेवा. एकीकडे इनस्क्रिप्ट आणि दुसरीकडे दुसरीच मांडणी असली की चुका वाढतात आणि खोडण्यातच बोटे थकतात. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने बहुतेक उजव्या हाताकडे असल्याने काम दोन्ही हातांत वाटले जाते.

एक हात अधू असेल किंवा बोटे दुखत असतील, तर 'स्टिकी कीज' वापरा. दोन-तीन बटने एकदम न दाबता एकामागून एक दाबता येतात. शिफ्ट सलग पाच वेळा दाबले की ही सोय सुरू करायची का, असे विचारले जाते. एका संगणकावर ती लागू झाली नाही, तर दुसऱ्यावर सुरू करून पाहा.

बसणे आणि डोळ्यांना विसावा

खाटेवर लोळून किंवा मांडीवर लॅपटॉप घेऊन तासन्‌तास काम करू नका. लॅपटॉपखाली पुस्तके किंवा डबा ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि वेगळा साधा कीबोर्ड-माऊस जोडा. पडदा हातभर, म्हणजे साधारण ५० ते ७० सेंटिमीटर दूर असावा. कोपर शरीराजवळ आणि मनगट सरळ राहावे. खाली बसूनच काम करायचे असेल, तर पाठीला भिंतीचा आधार घ्या आणि समोर पाट किंवा ट्रंक ठेवा.

दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे पाहा. दारासमोरचे निंबाचे झाड त्यासाठी पुरेसे आहे. आपण एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे एकटक पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, म्हणून डोळे कोरडे पडतात. आठवण ठेवून पापण्या मिटा. तासाला एकदा उठून पाणी प्या.

निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर जादा पैसे घालवू नका. संगणकाने थकलेल्या डोळ्यांसाठी अशा चष्म्याची शिफारस अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांची संघटनाही करत नाही. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागते, त्यावर साधा जवळचा चष्मा लागतो. तो तपासणी करूनच घ्या.

दवाखान्यात केव्हा जावे

अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होत असेल, हातातून वस्तू निसटत असेल, दुखणे हातात खाली उतरत असेल किंवा सेटिंग बदलूनही दोन आठवड्यांत फरक पडला नसेल, तर सरकारी रुग्णालयात दाखवा. अचानक कमी दिसू लागले, डोळ्यांपुढे विजा चमकल्या किंवा पडदा आल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी जा. मधुमेह असलेल्यांनी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा.

आणखी एक जपायचे आहे. आपल्या संगणकाचा किंवा मोबाइलचा ताबा अनोळखी माणसाला देऊ नका. एनीडेस्कचा गैरवापर करून खात्यातील पैसे काढले जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. कोणी फोनवर ॲप टाकायला सांगून त्यातला आकडा मागितला, तर फोन ठेवा. फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर कळवा.

घरात किंवा वस्तीत कोणी असे काम करत असेल, तर हे पान त्यांच्या शेजारी बसून वाचा. प्रथम अक्षरे मोठी करा, मग पडदा उंच करा, मग बाणाचा वेग पाहा. तेवढे करायला अर्धा तास पुरे आहे.