लहान जहाज, खरं जहाज

मागच्या व्याख्यानानंतर काहींनी विचारलं की नक्कल आणि प्रतिकृती यांत फरक काय, तो एखाद्या उदाहरणावर उलगडून सांगा. आम्ही आज उदाहरण घेतो आहोत युद्धनौकांच्या लहान प्रतिकृतींचं. लाकूड, प्लास्टिक, पितळेचा पत्रा, दोरा यांतून जहाज, पाणबुडी आणि तिच्यावरची माणसं घडवणारे हौशी लोक असतात, त्यांच्या कामाचं. विषय पोरखेळाचा वाटेल, पण तासभर सोबत राहा.

साताऱ्यातून किंवा सांगलीतून समुद्र दिसत नाही, मध्ये सह्याद्री उभा आहे. तरी आरमाराशी या मुलखाचं नातं जुनं आहे. कान्होजी आंग्रे शाहू महाराजांच्या पक्षात आले ते १७१३ साली, बाळाजी विश्वनाथांनी केलेल्या तहानं, आणि सरखेलीचं पद त्यांच्याकडे कायम झालं. म्हणजे कुलाब्याचं आणि विजयदुर्गाचं आरमार ज्या गादीचं नाव सांगत होतं ती गादी साताऱ्याची. आणि प्रतिकृतीचं म्हणाल, तर इथला प्रत्येक मुलगा ती करतोच. दिवाळीतला मातीचा किल्ला म्हणजे दुसरं काय? कुणी प्रतापगड करतं, कुणी अजिंक्यतारा, आणि एखादा हौशी गट परातीत पाणी भरून सिंधुदुर्ग करतो, त्यात कागदाची गलबतं सोडतो.

त्या किल्ल्याकडे नीट बघा. मावळा दरवाजापेक्षा उंच असतो. तोफ बुरुजाएवढी असते. आणि सिंहासनावरचे महाराज सगळ्यांहून मोठे. याला चूक म्हणायचं का? आम्ही म्हणणार नाही. तिथं माप आहे, पण ते मानाचं माप आहे. ज्याचं महत्त्व मोठं त्याची मूर्ती मोठी. जुन्या शिल्पांत, चित्रांत राजा आणि सेवक असेच लहानमोठे दाखवलेले असतात. मुलं तेच करतात, कुणी न शिकवता.

जहाजाची प्रतिकृती करणारा दुसरं माप धरतो. तो म्हणतो, सगळ्याला एकच भाजक. जहाजाला साडेतीनशेनं भागलं तर माणसालाही साडेतीनशेनंच भागायचं, मग तो कप्तान असो की भांडी घासणारा खलाशी. यात एक कठोर समता आहे बरं का. १:३५० या मापात १७० सेंटिमीटरचा माणूस पाच मिलिमीटरही भरत नाही. १:७०० ला तर अडीच मिलिमीटरच्या आत. चेहरा, मिशी, पदक, सगळं गेलं. उरतं काय? उभं राहण्याची ढब. वाकून दोर ओढणारा, कठड्याला टेकलेला, सलामीत ताठ झालेला, एवढंच दिसतं. म्हणून या मापातल्या माणसांना रंग कमी आणि निरीक्षण जास्त लागतं. चेहरा हवा असेल तर १:३५ ला जावं लागतं. तिथं माणूस जवळजवळ पाच सेंटिमीटर होतो आणि गणवेशाची बटणं मोजता येतात. पण मग जहाज घरात मावत नाही. एक मिळवायचं तर दुसरं सोडावं लागतं.

आता नजरेचा हिशेब करा. १:३५० ची नौका आपण, समजा, तीस सेंटिमीटरवरून बघतो. तीसला साडेतीनशेनं गुणा. १०५ मीटर झाले. म्हणजे खरं जहाज शंभर मीटरवरून बघितल्यासारखं ते दिसायला हवं. शंभर मीटरवरून रिव्हेट दिसतात का? पत्र्याचे जोड दिसतात का? नाही. तरी हौशी माणूस रिव्हेट कोरतोच, कारण ते आहेत हे त्याला माहीत असतं. इथं ज्ञान आणि दर्शन यांचं भांडण लागतं. दोन सेंटिमीटर जाडीची तार १:३५० ला मिलिमीटरचा सतरावा हिस्सा होते, साधारण केसाएवढी किंवा त्याहून बारीक. सूत वापरलं तर जहाजावर नांगराचे साखळदंड टांगल्यासारखे दिसतात. म्हणून लोक वितळलेल्या प्लास्टिकचा तंतू ओढून काढतात, आणि कठडे पितळेच्या पातळ पत्र्यावर आम्लानं कोरलेले आणतात. रंगाचंही तसंच. शंभर मीटर हवेतून आलेला करडा रंग फिकटलेला असतो, म्हणून खऱ्या डब्यातला खरा रंग लावला तर प्रतिकृती काळवंडलेली वाटते. जाणते लोक त्यात थोडा पांढरा मिसळतात. खरं दिसावं म्हणून खऱ्यापासून थोडं सरकायचं.

आणि काही गोष्टी तर लहान व्हायला तयारच नसतात. लांबी शंभर पट कमी केली की पृष्ठभाग दहा हजार पट कमी होतो आणि वजन दहा लाख पट. पाणी मात्र तेच. त्याचा थेंब लहान होत नाही. जुन्या सिनेमांतल्या टाकीतल्या लढाया आठवा. जहाज बरं असतं, पण लाटेचा तुषार जहाजाच्या खिडकीएवढा उडतो आणि सगळं सोंग उघडं पडतं. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं या अडचणीतूनच शास्त्र काढलं. १८७२ च्या सुमारास त्यानं टॉर्की इथं लांब टाकी बांधून मेणाच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. त्याचा नियम असा की वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घ्यायचा. शंभर पट लहान जहाज दहा पट कमी वेगानं ओढलं, वीस नॉटचं दोन नॉटनं, की त्याच्या लाटांचा आकार मोठ्याशी जुळतो. घर्षण मात्र या नियमात बसत नाही, ते त्यानं सपाट फळ्या ओढून वेगळं मोजलं. आम्हाला यात फ्रूडचा प्रामाणिकपणा आवडतो. प्रतिकृती कुठं खरं बोलते आणि कुठं नाही, हे त्यानं आधी वेगळं केलं आणि मगच तिच्यावर विश्वास ठेवला.

हे फार लांबचं वाटत असेल तर अलीकडचं सांगतो. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून आपल्या नौदलासाठी शिवलेल्या फळ्यांचं एक जहाज बांधलं गेलं, 'कौंडिण्य'. २०२५ च्या मे महिन्यात ते कारवारला नौदलात दाखल झालं. खिळा नाही, काथ्यानं शिवलेलं. त्याचा कुठलाही नकाशा उरला नव्हता, होतं ते भिंतीवरचं चित्र. मग पाण्यात ते कसं वागेल याची परीक्षा आयआयटी मद्रासमध्ये लहान प्रतिकृतीवर घेतली. क्रम बघा, मौज वाटेल: आधी खरं जहाज, त्यावरून चित्र, चित्रावरून प्रतिकृती, आणि प्रतिकृतीवरून पुन्हा खरं जहाज.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. प्रतिकृती जहाजाची असते असं आपण म्हणतो. आमचं म्हणणं, ती जहाजाच्या एका तारखेची असते. 'विक्रांत' घ्या, पहिली. १९४३ साली ब्रिटनमध्ये 'हर्क्युलिस' म्हणून तिची बांधणी सुरू झाली, १९६१ साली ती आपल्याकडे आली, १९९७ ला निवृत्त झाली. लांबी २१३ मीटर, म्हणजे १:३५० ला ६१ सेंटिमीटर. करणाऱ्यानं पहिला प्रश्न विचारायचा तो रंगाचा नाही; कोणत्या सालची? १९७१ ची करायची तर धावपट्टी पुढच्या टोकापर्यंत सपाट हवी, तिच्यावर सी हॉक आणि अलिझे विमानं हवीत. पुढचं टोक वर उचललेलं, म्हणजे स्की-जंप, हे तिला ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मिळालं, सी हॅरियर विमानांसाठी. पण बाजारात, शाळांच्या प्रदर्शनांत कधीकधी दोन्ही एकत्र दिसतात: उचललेलं टोक आणि त्यावर सी हॉक. एकेक भाग अचूक, आणि सगळं मिळून जे जहाज झालं ते एकही दिवस समुद्रावर नव्हतं. तर्कशास्त्रात आम्ही शिकवत असू की खरी विधानं 'आणि'नं जोडली तर जोडविधानही खरं असतं. इथं तसं होत नाही, कारण प्रत्येक विधानाला एक न बोललेलं 'तेव्हा' चिकटलेलं असतं.

ग्रीकांचं थीसिअसचं जहाज तुम्हाला ठाऊक आहेच, एकेक फळी बदलत गेली तर जहाज तेच राहतं का, ते कोडं. विक्रांतनं त्याला नवी भर घातली. २०१४ नंतर ती भंगारात गेली आणि तिचं काही पोलाद बजाजच्या 'व्ही' मोटारसायकलीत आलं. म्हणजे द्रव्य आपल्या रस्त्यांवर फिरतं आहे, नाव कोचीला २०२२ साली दाखल झालेल्या नव्या जहाजाकडे आहे, आणि आकार कुणाच्या तरी काचेच्या कपाटात. तिघांत विक्रांत कोण, हे तुम्ही ठरवा.

ध्वजाची गोष्ट याहून नाजूक आहे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये नौदलाला नवा ध्वज मिळाला, त्यातला अष्टकोन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. आपल्या भागात त्याचा अभिमान असणारच, आम्हालाही आहे. पण त्यापायी १९७१ च्या जहाजावर तो ध्वज लावावा असं एखाद्या तरुणाला वाटतं. त्या जहाजांवर लाल क्रूस आणि कोपऱ्यात तिरंगा असलेला ध्वज होता. त्या ध्वजाखाली माणसं लढली आणि बुडाली. तो आपल्याला आवडतो की नाही, याचा इथं संबंध नाही.

बुडाली म्हणालो, तर 'खुकरी'बद्दल बोलायला हवं. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'नं ती बुडवली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दीवच्या स्मारकात काचेच्या पेटीत त्या जहाजाची प्रतिकृती ठेवली आहे. त्याच दीवला दुसरी 'खुकरी'ही आहे, माझगाव डॉकमध्ये बांधलेली, १९८९ ते २०२१ सेवेत असलेली, संग्रहालय म्हणून आणलेली. ते खरंखुरं जहाज आहे, त्यावर चढता येतं. पण हुतात्म्यांच्या घरचा माणूस तिथं गेला तर तो कुठं थांबेल? आमचा अंदाज, पेटीपाशी. खऱ्या पोलादाचं जहाज दुसरं आहे आणि काचेतलं लहान जहाज 'ते' आहे. प्रतिकृती नकलेपेक्षा वेगळी कशी, हा प्रश्न तुम्ही विचारला होतात. नकलेला मूळ समोर असताना किंमत नसते. या प्रतिकृतीला मूळ नसल्यामुळे किंमत आली आहे, आणि म्हणून तिच्यातल्या चुकीची जबाबदारीही वाढली आहे. ज्या जागी माणूस उभा होता ती जागा तिथं नसेल, तर त्याला आपण दुसऱ्यांदा पुसलं.

पाणबुडीचं थोडक्यात सांगतो. आपली पहिली 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ ला रीगा बंदरात दाखल झाली, त्याच जातीची 'कुरसुरा' आज विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर उभी आहे. जमल्यास बघून या. पाण्यात असताना तिचा पाठीचा पट्टा आणि मधला मनोरा एवढंच दिसतं. प्रतिकृतीत मात्र सगळं अंग दिसतं, तीन पंखे दिसतात, बाजूला पाणी आतबाहेर करणाऱ्या भोकांच्या रांगा दिसतात. तिच्यावरच्या खलाशानंही ती गोदीबाहेर अशी पाहिलेली नसते. नव्या पाणबुड्यांचे पंखे तर गोदीतही झाकून ठेवतात, त्यांचा आकार हे गुपित असतं. प्रतिकृती करणारा तिथं कल्पनेनं पाती बसवतो आणि सहसा सांगत नाही.

हे न सांगणं मराठा आरमाराच्या बाबतीत फार महागात पडतं. गुराबांच्या बांधणीचे आराखडे आपल्या हाती नाहीत. जे आहे ते असं: दोन किंवा तीन डोलकाठ्या, पुढं निमुळती लांब नाळ, त्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या तोफा; सोबत वल्ह्यांची गलबतं. हे बरंचसं शत्रूनं लिहिलेलं. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाला आंग्र्यांचं आरमार जळालं, त्याची चित्रंही जिंकणाऱ्यांच्या बाजूची, धुरानं भरलेली. आपल्याकडचं म्हणाल तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचं प्रकरण आहे. गुराबा मध्यम असाव्यात, सागासारखं लाकूड परवानगीनं तोडावं, आंबा-फणस रयतेनं लेकरासारखे वाढवलेले असतात, त्यांना हात लावू नये, असा त्याचा आशय. धोरण आहे, मापं नाहीत. तरी संग्रहालयांत आणि शाळांत गुराबेच्या प्रतिकृती सुबक रंगवलेल्या, मागच्या बाजूला नक्षी, शिडावर चिन्ह, अशा असतात. मुलगा ती पाहतो आणि आयुष्यभर गुराब तशीच होती असं धरून चालतो. पुस्तकात 'बहुधा' लिहिता येतं. लाकडात 'बहुधा' कसं कोरणार?

तर कोरता येतं. आमची सूचना आहे, सांगलीच्या काही तरुणांना ती आम्ही केलीही. सांगाडा, नाळ, डोलकाठ्या, जिथं आधार आहे तिथं पूर्ण काम करा, रंग द्या. जिथं अंदाज आहे तिथं लाकूड उघडं ठेवा, रंग नको, नक्षी नको. आणि खाली पाटीवर साल लिहा. लाकूड सागाचं घेऊ नका. गुराब सागाची असली तरी सागाचे रेषे मोठे, पन्नासाव्या हिश्शात ते दोरखंडासारखे दिसतात. आपल्याकडचा हेदू, ज्याला हळदूही म्हणतात, बारीक पोताचा आणि पिवळसर असतो, तो चांगला. पातळ फळी वाकवायची कशी हे पुस्तकात शोधण्याआधी मिरजेला जाऊन सतारी करणाऱ्यांचं काम तासभर बघा. लाकडाला वाफ, चिकटवण, कानस आणि धीर किती लागतो ते तिथं दिसेल. उघडं लाकूड पाहून लोक विचारतील, हे अर्धवट का ठेवलं. त्यांना काय सांगायचं ते पाटीवर आधीच लिहून ठेवा.