व्हिडिओ कॉलवरची आमची बैठक



द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी कुटुंबे सायखेड्याच्या परिसरात मजुरीला येतात. आजारी मूल इथे, त्याचे कागद गावाकडे आणि तज्ज्ञ नाशिकला. म्हणून आमची वैद्यकीय बैठक व्हिडिओ कॉलवर होते.

तिथे एक नियम मी कटाक्षाने पाळते: आधी परिचारिका बोलणार, डॉक्टर शेवटी. सिकलसेलच्या मुलाचे डोळे पिवळे दिसतात का, प्लीहा हाताला लागते का, हे जिने मूल तपासले तीच सांगू शकते. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली अमेरिकेत सुरू केलेल्या ‘इको’ उपक्रमातही गावाकडचा आरोग्यकर्मीच रुग्णाची हकीकत मांडतो. तज्ज्ञ मग सल्ला देतात.

अशा मुलाला ताप असेल तर मात्र बैठकीची वाट पाहायची नाही, लगेच रुग्णालय गाठायचे.

कॉलवर रुग्णाचे नाव घेत नाही, नोंद क्रमांक सांगतो. रेंज गेली (ती जातेच!) की चित्र बंद, आवाज चालू. शेवटी कोणी काय, कधी करायचे ते वाचून दाखवतो. गावाकडच्या आशाताईंनाही तेव्हा कॉलवर घेतो, कारण छाटणी-खुडणी आटोपली की कुटुंब परत निघते आणि पुढच्या गोळ्या त्यांच्याकडूनच मिळायच्या असतात.