दिल्लीचे महापौर

'महापौर' हा शब्द सावरकरांनी घडविला आणि हिंदीनेही तो आपलासा केला. त्यामुळे मुंबईचा मनुष्य दिल्लीस आला म्हणजे ही पाटी त्यास परकी वाटत नाही. पाटीमागील पद मात्र निराळ्या वाटेने येथवर आलेले आहे. मुंबई बेटावर १७२६ च्या सनदेने मेयरचे न्यायालय स्थापन झाले, तेव्हा मेयर हा आल्डरमनांसह निवाडे करणारा गृहस्थ होता. महापालिकेच्या अध्यक्षास ते नाव तेथे १९३१ साली मिळाले. कलकत्त्यास त्यापूर्वीच, १९२४ साली, चित्तरंजन दास महापौर झाले होते. राजधानी दिल्लीस मात्र १९५८ पर्यंत थांबावे लागले.

लाल किल्ल्याकडून फतेहपुरीच्या दिशेने चांदणी चौकातून चालत गेले, की उजव्या हातास टाऊन हॉलची जुनी इमारत लागते. तिच्यासमोर पूर्वी व्हिक्टोरिया राणीचा पुतळा असे. आता तेथे स्वामी श्रद्धानंद उभे आहेत. सत्तावन्नच्या उठावानंतर, १८६३ साली, दिल्लीस नगरपालिका मिळाली आणि पुढे तिचे बिऱ्हाड या इमारतीत थाटले गेले. पण तिच्या अध्यक्षस्थानी दीर्घकाळ जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनरच बसत असे. ज्या शहरास नुकतीच शिक्षा झाली होती, त्याचा कारभार त्याच्याच हाती देण्याची इंग्रजांस घाई नव्हती, हे उघड आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली दिल्लीस विधानसभा मिळाली आणि १९५६ साली राज्यपुनर्रचनेत ती गेलीही. दिल्लीकरांच्या हाती तेव्हा स्वतःचे असे निर्वाचित सभागृहच उरले नाही. ही उणीव भरून काढावी म्हणून संसदेने १९५७ साली महानगरपालिकेचा कायदा केला. ७ एप्रिल १९५८ रोजी महापालिका अस्तित्वात आली आणि अरुणा असफ अली पहिल्या महापौर झाल्या. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ज्यांनी तिरंगा फडकविला, त्याच या. मुख्यमंत्री नाही, विधानसभा नाही, अशा त्या काळात दिल्लीच्या जनतेच्या वतीने बोलण्याचा मान महापौरासच होता. परदेशी पाहुण्यांस नागरी मानपत्र देणे हा त्या मानाचा केवळ दर्शनी भाग. त्यावेळी वीज, पाणी आणि शहरातील बसगाड्या ही तिन्ही खाती महापालिकेच्याच छत्राखाली होती. आजच्या महापौरास हे वैभव ऐकूनच ठाऊक असावयाचे.

अधिकाराची गोष्ट वेगळी. मुंबईच्या १८८८ च्या कायद्याने कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे ठेवण्याचा जो पायंडा पाडला, तोच दिल्लीनेही घेतला. येथील आयुक्त केंद्र सरकार नेमते. महापौर सभेचे अध्यक्षपद भूषवितो, समसमान मते पडली तर निर्णायक मत देतो. पण झाडूवाल्याची बदलीही त्याच्या सहीने होत नाही. शिवाय मुदत अवघी एका वर्षाची. कामाची घडी समजू लागते न लागते तोच निरोपाचे हार गळ्यात पडतात. १९६७ नंतर हंसराज गुप्ता यांच्याप्रमाणे एखाद्यास हे पद पुन्हा लाभले तर तेवढेच स्थैर्य. त्यातही संसद, राष्ट्रपतिभवन व मंत्र्यांचे बंगले ज्या भागात आहेत, ती नवी दिल्ली महापौराच्या हद्दीबाहेर, छावणीही बाहेर. राजधानीचा जो भाग जगास चित्रांतून दिसतो, तेथे राजधानीच्या महापौराचे काही चालत नाही.

पुढील काळात पदाभोवतालचे एकेक दालन बंद होत गेले. १९७१ साली बसवाहतूक गेली, १९९७ साली वीज, १९९८ साली पाणी. १९९० ते १९९७ या काळात महापालिकाच बरखास्त होती आणि त्याच अवधीत, १९९३ साली, विधानसभा व मुख्यमंत्री परतले. २०१२ साली महापालिकेची तीन शकले झाली व दिल्लीस एकाच वेळी तीन महापौर मिळाले. मान तिप्पट झाला असे मात्र कोणी म्हटले नाही. २०२२ साली ती पुन्हा जोडण्यात आली.

इतक्या अल्प अधिकाराच्या पदासाठी इतकी झुंज का व्हावी, याचे नवल वाटते. डिसेंबर २०२२ च्या निवडणुकीत २५० पैकी १३४ जागा आम आदमी पक्षास आणि १०४ भारतीय जनता पक्षास मिळाल्या. त्यानंतर महापौराच्या निवडीसाठी तीनदा सभा भरली आणि तीनदा उधळली. नायब राज्यपालांनी नेमलेल्या दहा सदस्यांस मत असावे की नसावे, हा वाद होता. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नसल्याचा निर्वाळा दिला. तेव्हा कोठे २२ तारखेस शैली ओबेरॉय १५० विरुद्ध ११६ मतांनी निवडून आल्या. पराभूत उमेदवाराचे नाव होते रेखा गुप्ता.

कायद्याप्रमाणे पाच वर्षांपैकी पहिले वर्ष स्त्रीसाठी आणि तिसरे अनुसूचित जातींतील सदस्यासाठी राखीव असते. ते तिसरे वर्ष एप्रिल २०२४ मध्ये सुरू व्हावयाचे होते. परंतु निवडणुकीच्या सभेस पीठासीन अधिकारी नेमावयाचा, त्यासाठी मुख्यमंत्र्यांचा अभिप्राय हवा आणि मुख्यमंत्री तर त्या वेळी तुरुंगात. सभा लांबणीवर पडली. अखेर १४ नोव्हेंबर रोजी महेशकुमार खिची १३३ विरुद्ध १३० मतांनी महापौर झाले आणि २५ एप्रिल २०२५ रोजी त्यांच्या जागी राजा इकबाल सिंग आले. दलित महापौराच्या राखीव वर्षातून सात महिने असे निघून गेले. ते कोणी हिरावून घेतले म्हणावे तर प्रत्येकाजवळ नियमाचे एक कलम तयार होते. मोठ्या खर्चाच्या करारांस मंजुरी देणारी स्थायी समितीही याच भांडणात अडकली. ती पुरी घडून तिला अध्यक्ष मिळावयास जून २०२५ उजाडला.

महापौरांचे कार्यालय टाऊन हॉलमधून मिंटो रस्त्यावरील नागरी केंद्राच्या उंच इमारतीत केव्हाच हलले आहे. आणि २०२३ साली महापौरपद ज्यांच्या हातून निसटले, त्या रेखा गुप्ता फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या मुख्यमंत्री झाल्या.