वैराग्य आणि व्यवहार

संसार सोडून एकांतांत गेलेल्या विरक्तांचें पोट कोण भरीत असे, हा प्रश्न थोडासा ग्राम्य वाटेल. परंतु मठांचा इतिहास उलगडणारी किल्ली हीच आहे.

इजिप्तच्या वाळवंटांत इसवी सनाच्या चौथ्या शतकांत ख्रिस्ती विरक्तांच्या वसाहती वाढल्या. सन ३५६ च्या सुमारास निवर्तलेला संत अँटनी हा त्यांचा आद्य पुरुष मानला जातो. पाखोमियस यानें त्याच शतकाच्या पूर्वार्धांत नाइलच्या कांठीं सामुदायिक मठजीवनाची शिस्त घालून दिली. केलिया, म्हणजे ‘कोठड्या’, या स्थळीं १९६५ पासून उत्खनन झालें व कच्च्या विटांचीं शेंकडों निवासस्थानें अभ्यासकांपुढें आलीं. हे साधू खजुरीच्या पानांच्या टोपल्या विणून विकीत आणि त्यावर निर्वाह करीत.

आतां आपल्या मावळाकडे वळूं. भाजें, कार्लें व बेडसें येथील बौद्ध लेणीं याहून कित्येक शतकें जुनीं आहेत. कार्ल्याचा सुमारें १२४ फूट लांबीचा चैत्य पाहून लोक थक्क होतात. परंतु भिक्षूंचा दिनक्रम कळावा अशी इच्छा असेल, तर भाज्याच्या विहारांतील दगडी ओटे व कातळांत खोदलेलीं पाण्याचीं टाकीं पाहावींत. त्यांतील एक टाकें महारथी विण्हुदत्त याचें दान आहे, असें तेथील लेख सांगतो.

भिक्षूनें भिक्षेवर राहावें, असा बौद्ध संघाचा दंडक होता. म्हणून त्याचा एकांत गृहस्थापासून फार दूर जाऊं शकत नसे. घाटमाथ्यावरून कोंकणांत उतरणाऱ्या व्यापारी वाटेजवळ हीं लेणीं कां आहेत, याचें उत्तर यांत मिळतें. कार्ल्याच्या लेखांत दाते कोण आहेत? वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचा गंधी सिंहदत्त, तेथलाच सुतार सामी आणि कित्येक यवन! नहपानाचा जांवई उषवदात यानें पावसाळ्यांत येथें राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहार्थ करजिक गांव दिलें. पुढें सातवाहनांनीं नहपानाचा पराभव केला. तथापि त्याच गांवाचें दान त्यांनींही भिक्षुसंघास दिल्याचा लेख तेथेंच आहे.

एके ठिकाणीं श्रम, दुसरे ठिकाणीं दान. आधारावांचून वैराग्य कोठेंच टिकलें नाहीं. कार्ल्यास जाल, तेव्हां शिल्पाबरोबर खांबांवरील हीं नांवेंही अवश्य पाहा. आपल्यासारख्याच प्रपंचांत गुंतलेल्या माणसांनीं तें लेणें उभें केलें आहे.