ई-मेल पाठवण्याआधी ताळा करा

आपल्या वस्तीतील मुले-मुली आज बँकांत, कुरिअर कंपन्यांत, दवाखान्यांच्या काउंटरवर, हिशेबाच्या कचेऱ्यांत काम करू लागली आहेत. तेथे नोकरीचा अर्ज, बिलाची विचारणा, मालाची मागणी, रजा, सारे ई-मेलने चालते. साहेब माणसाला पाहण्याआधी त्याचा ई-मेल पाहतात. त्यात चुका दिसल्या की "याला काही येत नाही" असा शिक्का बसतो. ज्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी, तेथे हा शिक्का फार महागात पडतो.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. आमच्या मते शुद्ध लिहिणे ही जन्मजात देणगी नव्हे, ती रोकड मोजण्यासारखी सवय आहे. कॅशियर कितीही हुशार असला तरी नोटा दोनदा मोजतोच.

आधी महागड्या चुका शोधाव्यात. समोरच्याचे नाव, रक्कम आणि तारीख या तीन गोष्टी कागदाशी पडताळाव्यात. रक्कम अंकी व अक्षरी दोन्ही लिहावी. चेकवर अंक आणि अक्षरे जुळली नाहीत, तर १८८१ च्या कायद्याप्रमाणे अक्षरी रक्कम धरतात, ती उगाच नव्हे. तारखेत महिन्याचे नाव लिहावे. ५/६ म्हणजे आपल्याकडे ५ जून, पण अमेरिकेतील माणूस ६ मे वाचतो.

मग स्पेलिंग. संगणक चुकीच्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढतो, पण तिच्यावर विसंबू नये. इंग्रजीत 'मॅनेजर' लिहिताना मधला एक 'ए' गळला, तर उरलेल्या शब्दाचा अर्थ होतो गुरांची गव्हाण! तो शब्दही खराच, म्हणून रेघ येत नाही. 'फ्रॉम' आणि 'फॉर्म' यांचेही तसेच. दोन अक्षरांची अदलाबदल झाली की अर्थ गेला. हल्ली मोबाइल आख्खे वाक्य सुधारून देतो. मात्र आपली रक्कम बरोबर की चूक, हे त्याला ठाऊक नसते.

व्याकरणात थोडे नियम पाठ केले तरी पुष्कळ काम होते. इंग्रजीत 'डिस्कस' नंतर 'अबाउट' लावू नये, कारण 'विषयी' हा अर्थ त्या शब्दातच आहे. 'रिप्लाय बॅक' मधला 'बॅक' असाच फुकटचा. मराठीत 'आणि' ची णि ऱ्हस्व. 'वीज' दीर्घ, पण 'विजेचे बिल' ऱ्हस्व. 'मजूर' दीर्घ, पण 'मजुरांची हजेरी' ऱ्हस्व.

लिहून झाल्यावर मजकूर मोठ्याने वाचावा. अडखळलो, तेथे वाक्य बिघडलेले असते. मग शेवटच्या वाक्यापासून वर वाचत यावे, म्हणजे नजर शब्दांवर ठरते. ज्याला पाठवायचे त्याचा पत्ता सर्वांत शेवटी भरावा, म्हणजे चुकून बटण दाबले तरी अर्धवट मजकूर जात नाही. जीमेलवर पाठवलेला ई-मेल थांबवता येतो, पण जास्तीत जास्त ३० सेकंदांत.

आणखी एक. नव्या सहकाऱ्याची चूक दिसली तर सगळ्यांना उत्तर पाठवून ती दाखवू नये. त्याला बाजूला घेऊन सांगावे. चारचौघांत लाजवलेला माणूस पुढच्या वेळी शुद्ध लिहीत नाही, तो लिहायचेच टाळतो. बाजूला घेऊन समजावलेला मात्र उद्या दुसऱ्यालाही शिकवतो.